हयात मुलं किती

शिलाईबाईंना अंग बाहेर येण्याचा त्रास नऊ वर्षं होता आणि नऊ वर्षं त्यांनी त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. घरी बसून शाळांचे गणवेश शिवायचे, म्हणजे काम बसून करायचं, त्यामुळे निभावलं. शेवटी एक दिवस जिना उतरताना त्या मधेच थांबल्या आणि त्यांना पुढची पायरी घेता येईना. मुलगी बरोबर होती. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. मुलगी शाळेत ग्रंथपाल होती, एखादी गोष्ट हाती घेतली की तडीस नेणारी. आठ दिवसांत तपासण्या झाल्या, पिशवी काढायचं ठरलं आणि एका सोमवारी सकाळी बाई सरकारी इस्पितळाच्या स्त्रियांच्या वॉर्डात, खिडकीशेजारच्या खाटेवर दाखल झाल्या. तेव्हा त्यांचं वय एकाहत्तर होतं.

केसपेपर लिहायला आलेली डॉक्टर तेवीस वर्षांची होती. परीक्षा पास झाली होती, पण वर्षभर वेगवेगळ्या वॉर्डांतून काम शिकणं चालू होतं. वॉर्डात सगळे तिला छोटी डॉक्टर म्हणत. तिनं स्टूल ओढलं, फळीवर कागद लावला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कुठल्या औषधानं अंगावर उठतं का. मग ती खालच्या चार चौकटींपाशी आली. चौकटींवर चार इंग्रजी अक्षरं छापलेली होती.

"आजी, किती वेळा दिवस राहिले होते?"

"चार बाळंतपणं झाली," मुलगीच म्हणाली. "आम्ही दोघं आहोत."

"पाच," शिलाईबाई म्हणाल्या.

मुलगी आईकडे बघायला लागली.

"सगळ्यात पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. विसाव्या वर्षी. मग थोरला. मग ही. हिच्या पाठीवर मुलगी झाली, ती आठव्या दिवशी गेली. दूध ओढायचीच नाही. मग धाकटा."

"पहिलं मला कधी सांगितलं नाहीस," मुलगी म्हणाली.

"विचारलंस कधी? हिनं विचारलं."

छोटी डॉक्टर भराभर लिहीत होती. दिवस पाच वेळा राहिले म्हणून पहिल्या चौकटीत पाच. बाळंतपणं चार. गर्भ पडला एक. राहिली एल अक्षराची चौकट.

"आणि आत्ता हयात मुलं किती?"

"दोन," मुलगी म्हणाली.

"तीन," आई म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. छोटीचं पेन थांबलं. मुलीनं आवाज खाली आणला आणि आई जणू तिथं नसावी तसं डॉक्टरला सांगितलं, "धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला. चोवीस वर्षं झाली. पत्ता नाही. कोर्टानंसुद्धा तो मयत असल्याचा निकाल दिलाय."

"मी ऐकतेय," शिलाईबाई म्हणाल्या.

"आई, मी फक्त..."

"तिनं मला विचारलंय. पोटातून कोण आलं ते माझं मला ठाऊक. तीन लिही गं."

छोटीनं तीन लिहिलं. त्यात तिनं फार विचार केला असं नाही. बाहेर अजून सहा जणींचे केसपेपर राहिले होते, आणि गर्भाशय काढताना मुलं दोन की तीन यानं काही बिघडत नव्हतं. ती उठली तशी शिलाईबाईंनी तिच्या पांढऱ्या कोटाकडे बोट दाखवलं.

"खालची दुमड सुटलीये. आणि ऑपरेशन तू करणार का?"

"नाही आजी. मोठ्या मॅडम करणार."

"बरं. टाके बारीक घालायला सांग त्यांना."

*

धाकट्याची हकीकत घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होती.

वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची बिलं. थोरला शाळा सोडल्यापासून तिथंच; कामात चोख आणि बोलण्यात तुसडा. धाकटा शेंडेफळ, त्याला कामात गोडी नव्हती, पण वडिलांच्या धाकानं यायचा. एका दुपारी छपाईच्या मशीनमध्ये कागद अडकला. थोरल्यानं मशीन बंद केलं आणि हात आत घातला. धाकटा पलीकडून आला, गाणं गुणगुणत. त्याला वाटलं काम थांबलंय, आणि त्यानं बटण दाबलं. थोरल्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. थोरला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

इस्पितळातून घरी आल्यावर वडील धाकट्याला एवढंच म्हणाले, "मला तोंड दाखवू नकोस." असं ते पूर्वीही अनेकदा म्हणाले होते. या वेळी त्यानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, केस विंचरून बाहेर पडला आणि परतला नाही.

शोधाशोध झाली. पोलिसांत तक्रार झाली. दहा वर्षांनी वडील गेले. घर त्यांच्या नावावर होतं, आणि ते आईच्या नावावर करायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या लागत होत्या. वकील म्हणाला, सात वर्षांहून जास्त काळ खबर नसली तर कोर्टातून मयत ठरवून घेता येतं. थोरल्यानं कागद केले, आई कोर्टात गेली, सही केली. ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर घरात तो विषय मिटल्यासारखा झाला होता.

*

मंगळवारी सकाळी थोरला संमतीपत्रावर सही करायला आला. हातात डबा, खिशात चष्मा. सिस्टरनं त्याच्यापुढे सगळी फाईलच ठेवली आणि कुठे सही करायची ते दाखवलं. पण त्याचा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला होता. छापलेला कागद न वाचता खाली ठेवणं त्याला जमत नसे. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. चार चौकटींपाशी तो अडखळला.

"सिस्टर, ही अक्षरं कसली?"

"ते बाळंतपणाचं असतं. दिवस किती वेळा राहिले, बाळंतपणं किती, हयात मुलं किती, पडली किती."

"मग इथं तीन आहे. चूक आहे ही. दोन हवेत."

सिस्टरनं छोटीला हाक मारली. छोटी आली. चूक नाही, पेशंटनं सांगितलं तसंच लिहिलंय, असं ती म्हणाली. थोरल्यानं फाईल मिटली, सही न करताच काखेत धरली आणि आईच्या खाटेपाशी गेला. छोटीला फाईल परत हवी होती, म्हणून ती मागोमाग गेली. नाहीतर पुढचं तिच्या कानावर पडलंच नसतं.

"आई, तू इथं तीन सांगितलंस?"

"हो."

"कोर्टात तू सही केली आहेस."

"केली. तिथं साहेबानं विचारलं, सात वर्षांत काही खबर आली का? नव्हती आली. मी खोटं नाही बोलले. ही पोरगी वेगळं विचारत होती. जिवंत किती म्हणाली."

"तुला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही," शिलाईबाई शांतपणे म्हणाल्या. "पण मेला असं मला एकदाही वाटलेलं नाही. मग दोन कशाला सांगू? घर नावावर झालं. आता माझ्या बोलण्यानं कुणाचं काही अडत नाही ना?"

थोरल्यानं फाईल खाटेवर टाकली. डबा त्यानं कपाटावर ठेवला. तो तसाच वळला आणि बाहेर गेला. छोटीनं खाटेवरची फाईल उचलली.

"रागावला," शिलाईबाई म्हणाल्या. "येईल परत. सही राहिलीये त्याची."

तो अर्ध्या तासानं आला, पण वॉर्डात नाही. जिन्याच्या वळणावर छोटी रक्ताच्या बाटल्यांची यादी जुळवत उभी होती, तिथं येऊन थांबला.

"डॉक्टर, ते तीन राहू द्या."

"मी बदलणार नव्हतेच."

"नाही, तसं नाही. बरोबर आहे ते. तीनच आहेत."

छोटीनं यादी खाली घेतली. तो भिंतीकडे बघत, मधेमधे थांबत, पण काही न वगळता सांगत गेला. आठ वर्षांपूर्वी छापखान्यात फोन आला होता. धाकट्याचा. दूर किनाऱ्यावरच्या एका गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो म्हणाला. लग्न झालंय, एक मुलगी आहे. आई कशी आहे विचारलं. तुझा हात कसा आहे विचारलं. आणि येऊ का, असं विचारलं.

"मी म्हणालो, येऊन काय करणार? कागदावर तू मेलायस. आईनं स्वतः सही केलीये."

"मग?"

"तो म्हणाला, 'आईनं का? बरं.' आणि ठेवला फोन. पुन्हा केला नाही."

"आणि तुम्ही घरात सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी रागात नाही सांगितलं. बोटं गेल्यापासूनचा राग होता, तो तेव्हा बाहेर आला. मग आठवड्यानं सांगू म्हटलं, तर आई विचारणार, आठवडाभर का गप्प बसलास. मग महिना झाला. मग वर्ष. जेवढं लांबलं तेवढं अवघड झालं." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "नंबर आहे. कागदवाला नावानं ठेवलाय. वर्षातून एकदा लावून बघतो. त्याचा आवाज आला की बंद करतो."

"हे तुम्ही मला का सांगताय?"

त्यानं प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही तिला विचारलंत. आम्ही कुणी विचारलं नव्हतं." आणि मग म्हणाला, "उद्या ऑपरेशन होऊन जाऊ दे. नंतर सांगतो तिला. आत्ता सांगून जिवाला धोका नको."

छोटीला हे पटल्यासारखं वाटलं, पण तिला खात्री नव्हती. दुपारी चहाच्या वेळी तिनं मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी बिस्कीट संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"रक्तदाब किती आहे तिचा?"

"एकशे चाळीस, नव्वद."

"ऐकून वाढेल. वाढला तर गोळी देऊ, दोन दिवस पुढे ढकलू. त्याची चिंता मी करेन. पण एकाहत्तर वर्षांच्या बाईला भूल देताना शंभर टक्के हमी मी देत नाही. नंतर सांगतो म्हणतोय तो. ती 'नंतर'ची वेळ येईलच, असं मी त्याला लिहून देणार नाही. एवढं सांग त्याला. बाकी तो आणि त्याची आई."

छोटीनं तेवढंच सांगितलं, एक शब्द कमीजास्त न करता. थोरल्यानं मान हलवली आणि संमतीपत्रावर सही केली.

*

चारला भेटीची वेळ सुरू झाली. मुलगी शाळेतून थेट आली होती. थोरल्यानं पडदा ओढला, स्टुलावर बसला आणि सांगितलं. जिन्यात सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात सांगितलं, पण स्वतःची बाजू सावरून घेतली नाही.

मुलगी आधी भडकली. "आठ वर्षं, दादा? आठ वर्षं तू आमच्याबरोबर जेवायला बसतोयस." तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. थोरला मान खाली घालून ऐकत होता.

"तू थांब जरा," शिलाईबाई मुलीला म्हणाल्या. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. "तो काय म्हणाला? नीट सांग. मी सही केली हे कळल्यावर काय म्हणाला?"

"म्हणाला, 'आईनं का?'"

"आणि?"

"आणि 'बरं' म्हणाला."

शिलाईबाई बराच वेळ पांघरुणाची कड दोन बोटांनी चाचपत राहिल्या. सही त्यांनी केली होती, हे खरं होतं. मुलानं निरोप खोटा दिला नव्हता. त्यांना राग आला होता, पण तो सगळाच्या सगळा थोरल्यावर काढता येत नव्हता. काही भाग त्यांच्याकडेच परत येत होता.

"फोन लाव," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"उद्या मला भूल देणार आहेत. आत्ताच लाव."

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका बाईनं उचलला. थोरल्यानं घाईघाईनं मोबाइल आईच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं.

"मी त्याची आई," शिलाईबाई म्हणाल्या, आणि आपण नाव सांगायला हवं होतं असं वाटून नावही सांगितलं.

पलीकडे काही ऐकू येईना. मग पावलं, एक दार, कुठंतरी चालू असलेलं इंजिन आणि ते बंद झाल्याचा आवाज. फोन हातात घेऊन कुणीतरी श्वास घेत होतं.

"आई?"

आवाज जाडा झाला होता. त्यांनी तो ओळखला नाही. ओळखला असं त्या नंतर कधीही म्हणाल्या नाहीत.

"उद्या माझं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या.

"कसलं?"

पोराला ते कसं सांगायचं हे त्यांना कळेना. "बायकांचं असतं ते."

"मोठं आहे?"

"मोठंच आहे. खालूनच करतात, पोटावर टाका नाही. ऐक. ती सही मी केली. तुझ्या भावानं खोटं नाही सांगितलं. घरासाठी केली. मनातून नव्हती केली."

"बरं," तो म्हणाला. तोच शब्द. मग रडण्याचा आवाज आला, तो कुणाचा ते नीट समजलं नाही, कारण मुलीनं एव्हाना आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

"दादाचा हात कसा आहे?" तो थोड्या वेळानं म्हणाला.

"आठ बोटांनी छापखाना चालवतोय. समोरच बसलाय. देऊ?"

दोघा भावांचं बोलणं मिनिटभरही झालं नाही. कुठली गाडी, किती तास, स्टँडवरून इस्पितळ कसं, एवढंच.

सहा वाजता रक्तदाब एकशे सत्तरच्या वर होता. मॅडमनी बुधवार खोडून शुक्रवार लिहिला. "ठरल्याप्रमाणे," त्या छोटीला म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

*

धाकटा गुरुवारी दुपारी आला. सोबत सात तास गाडीत उलट्या केलेली दहा वर्षांची मुलगी आणि तिला धरून बायको. थोरला दाराशी उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याची नजर आपसूक भावाच्या उजव्या हाताकडे गेली आणि थोरल्यानं हात खिशात घातला नाही.

"चारच्या आधी एकालाच सोडतात," थोरला म्हणाला आणि त्यानं आपला पास भावाला दिला. "तू जा. मी हिला लिंबूपाणी बघतो."

आत काय झालं ते पडद्याआड झालं. शेजारच्या खाटेवरची बाई नंतर सगळ्या वॉर्डाला सांगत होती की फारसं काही बोललेच नाहीत. म्हातारी त्याच्या शर्टाची बाही धरून बसली होती आणि शिवण कुठल्या शिंप्याची म्हणून विचारत होती.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. अडीच तास लागले, रक्त कमी गेलं. सातव्या दिवशी शिलाईबाई घरी गेल्या. छोटी तोवर हाडांच्या वॉर्डात बदलून गेली होती.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलगी चार महिने थोरल्याशी बोलली नाही. घरी आली की तो असलेल्या खोलीत बसत नसे. धाकट्याला कागदावर पुन्हा जिवंत व्हायला सव्वा वर्ष लागलं. दोनदा तारीख पडली. एका कारकुनानं तो समोर उभा असतानाच त्याच्याकडे हयातीचा दाखला मागितला, आणि तो दाखला मिळवायला जुन्या शाळेतून वर्गशिक्षकांना शोधून आणावं लागलं. त्या सगळ्या धावपळीला थोरला बरोबर होता. काम त्याचं होतं असं त्याला वाटत होतं आणि इतरांनाही.

एकदा कोर्टातून परत आल्यावर त्यानं आईला विचारलं, "तू मला काही बोलली नाहीस अजून."

शिलाईबाई सुईत दोरा ओवत होत्या. डॉक्टरांनी वजन उचलायला मना केलं होतं, शिवायला नाही.

"बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "अजून राग गेलेला नाही. गेला की बोलेन."

थोरला हो म्हणाला आणि छापखान्यात गेला.

त्या वर्षी, बरं वाटायला लागल्यावर, त्या धाकट्याकडे राहायला गेल्या. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि अडीच महिने राहिल्या. सुनेकडे जुनं मशीन होतं, ते धाकट्यानं तेलपाणी करून चालू करून दिलं, आणि नातीला त्यांनी सरळ शिवण घालायला शिकवली. थोरला दर रविवारी सकाळी फोन करायचा. पहिले काही रविवार त्या नातीला म्हणायच्या, सांग काकाला, आजी आंघोळीला गेलीये. नंतर स्वतः घ्यायला लागल्या. जेवणखाण, औषधं, तिकडची हवा एवढं बोलून झालं की त्या फोन कानापासून दूर धरायच्या आणि अंगणात इंजिन उघडून बसलेल्या धाकट्याला हाक मारायच्या, "ये, दादा आहे." तो हात पुसत यायचा. मग दोघं मशीनबद्दल बोलायचे, कुठला भाग झिजलाय, नवीन कुठं मिळेल, असं बराच वेळ.